शंभूमास्तरांचा दमसास

शंभू क्लॅरिनेट ओठांना लावायचा तेव्हा आप्पासाहेबांच्या बँडमधले बाकीचे वादक आपोआप अर्धं पाऊल मागे सरकायचे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. शनिवार पेठेतल्या त्या बँडच्या दुकानात ट्रम्पेटवाले बदलले, ड्रमवाले बदलले, लाल झालरीच्या कोटांची अस्तरं दोनदा नवी झाली, पण वरातीच्या पुढे उभं राहून पहिला सूर लावायचा तो शंभूनेच. शाळेत चौथीच्या पुढे न गेलेल्या या माणसाला अख्खी पेठ ‘मास्तर’ म्हणायची.

येरवड्यात त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. बायको मुक्ताई शिरूरकडच्या खेड्यातली. एकुलती मुलगी नम्रता लग्न होऊन कात्रजला गेलेली. आणि घरातल्या फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, एक पांढरी बाटली. त्यातली गोळी शंभू रोज जेवण झालं की घ्यायचा. त्याला एचआयव्ही होता.

तिशीत असताना ते कळलं होतं. तेव्हा अंगावरचा कोट खुंटीवर टांगल्यासारखा लोंबायला लागला होता आणि तोंड आतून पांढरं झालं होतं. ‘कुठून आला?’ असं विचारणारे त्या काळात पुष्कळ भेटले. काहींना उत्तर दिलं, काहींना शिव्या दिल्या, आणि मग त्याने त्या प्रश्नाकडे बघायचंच सोडून दिलं. मुक्ताईची आणि नम्रताची तपासणी झाली. दोघींना काही नव्हतं. त्या दिवशी तपासणी केंद्राच्या पायरीवर बसून तो इतका रडला की शेजारच्या बाईला वाटलं, याच्या घरातलं कुणीतरी गेलं.

गोळ्या सुरू झाल्या आणि तो सावरला. काही महिन्यांनी रिपोर्टवर आलं, ‘विषाणू सापडला नाही.’ पुढे दरवेळी तेच येत राहिलं. शंभूच्या लेखी प्रकरण मिटलं होतं. बँडमध्ये त्याने हे कधी कुणाला सांगितलं नाही.

पन्नाशी उलटली आणि दम लागायला लागला. आधी फक्त चढावर, मग सपाट रस्त्यावरही. दात घासताना रक्त यायचं, क्लॅरिनेटच्या पत्तीवर तांबूस डाग पडायचा. तो रुमालाने पुसून टाकायचा. वरचे पुढचे दोन दात हलत होते, आणि क्लॅरिनेटचा सगळा भार नेमका त्याच दातांवर पडतो. बिडी मात्र चालूच होती. दोन गाण्यांच्या मधे एक.

वैशाखातली गोष्ट. कात्रजला एका मोठ्या कार्यालयाबाहेर वरात उभी होती. नवरदेवाच्या मित्रांनी फर्माईश केली, शंभूने उंच सूर धरला, आणि मधेच दातात अशी कळ आली की सूर फाटला. फाटला म्हणजे साधासुधा नाही. फटाका फुटावा तसा. घोडा बिचकला. पोरं हसली. शंभूने पुन्हा लावायला घेतला तर छातीत हवाच नव्हती. ट्रम्पेटवाल्या धोंडिबाने वेळ ओळखून चाल पुढे उचलली म्हणून वरात पार पडली.

दुसऱ्या सुपारीला आप्पासाहेबांनी सरळ त्याच्या हातात खुळखुळा दिला. बँडमध्ये खुळखुळा कुणाला देतात हे सगळ्यांना माहीत असतं. ज्याला काढून टाकवत नाही, त्याला. शंभू ती सगळी वरात शेवटच्या रांगेत खुळखुळा हलवत चालला. घरी आल्यावर कोट काढून त्याने घडी घातली आणि मुक्ताईला म्हणाला, “हा आता धुऊन ठेव. लागणार नाही.”

“ताप आलाय का?” मुक्ताईने विचारलं.

“नाही.”

“मग जेवा. कोटाचं उद्या बघू.”

त्याच महिन्यात एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी दवाखान्यात, गोळ्या आणायला गेला तेव्हा डॉक्टर सुनीतींनी त्याला थांबवून घेतलं. या बाईंकडे तो बरीच वर्षं जात होता. कमी बोलणाऱ्या, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या.

“मास्तर, एक अभ्यास चाललाय आमचा,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासारखी माणसं, ज्यांचा विषाणू गोळ्यांनी दाबून टाकलाय, त्यांच्या रक्तात दाह किती उरतो ते बघतोय. आणि त्यावरून पुढे कुणाला कुठला आजार गाठतो, तेही. थोडं जास्तीचं रक्त द्यावं लागेल. नाही म्हणालात तरी चालेल, तुमच्या गोळ्या थांबणार नाहीत.”

“घ्या की. तेवढंच काय ते माझ्याकडे चांगलं चाललंय,” शंभू म्हणाला.

पण रक्तानेही तसं म्हटलं नाही. पुढच्या खेपेला बाईंनी रिपोर्ट समोर ठेवला. विषाणू सापडला नव्हता. रोगाशी लढणाऱ्या सीडी-फोर पेशी भरपूर होत्या. फक्त दाहाच्या खुणा, सीआरपी आणि तिच्यासारखी आणखी एक, दोन्ही वर गेल्या होत्या. चांगल्याच वर.

शंभूने कागद जवळ ओढला. “म्हणजे गोळ्या लागू पडत नाहीत?”

“उत्तम लागू पडताहेत. असं समजा, सोसायटीत चोर शिरला. आपण त्याला खोलीत कोंडून बाहेरून कुलूप घातलं. ते कुलूप म्हणजे तुमची गोळी. पण वॉचमन, म्हणजे तुमची प्रतिकारशक्ती, इतका घाबरलाय की चोर कोंडला तरी तो शिट्टी वाजवायची थांबवत नाही. दिवसरात्र दारं ठोठावत फिरतोय.”

“मग लोक वॉचमनलाच धरून बडवतील.”

“वॉचमनला बडवायचं नाही, तो लागतो आपल्याला,” बाई हसल्या. “त्याला आणखी कशाकशाने चिथावणी मिळतेय ते बघायचं. कारण या गोंगाटाने हळूहळू हृदय, रक्तवाहिन्या, सगळंच झिजतं. ज्यांचा दाह वर राहतो त्यांना पुढे हे आजार जास्त होतात, असं दिसतंय. आता तोंड उघडा बघू.”

त्याने तोंड उघडलं. बाईंनी बॅटरीचा उजेड टाकला आणि एकेक हिरडी निरखून पाहिली.

“हिरड्या कधीपासून अशा आहेत?”

“वर्षभर असेल. दोन वर्षंही असतील.”

“आणि मला आज दिसतंय. बिडी किती?”

शंभूने आकडा सांगितला नाही. छताकडे बघितलं. बाईंनी काय समजायचं ते समजून घेतलं.

हृदयाच्या तपासण्या झाल्या. नशिबाने झटका वगैरे काही येऊन गेलेला नव्हता, पण वेळीच सावध झालेलं बरं अशी स्थिती होती. बाईंनी कोलेस्टेरॉलवरची एक गोळी वाढवली, रोज चालायला सांगितलं, बिडी बंद म्हणजे बंद असं बजावलं. आणि म्हणाल्या, “दातांच्या डॉक्टरकडे आजच जा. हिरड्यांत एवढा पू असताना वॉचमन गप्प कसा बसेल?”

घराजवळ एक नवा, चकचकीत काचेचा दवाखाना होता. शंभूने तिथल्या कागदावर सगळं खरं लिहिलं. सहायक मुलगी कागद घेऊन आत गेली आणि मान खाली घालून परत आली.

“डॉक्टर म्हणाले, मशीन बिघडलंय.”

आतून मशीनचा किर्रर्र आवाज येत होता.

“बरोबर आहे,” शंभू म्हणाला. “बिघडल्याशिवाय का एवढं केकाटतंय.”

वाक्य तोंडातून झकास गेलं, पण जिना उतरेपर्यंतच पुरलं. इतक्या वर्षांनी, इतके चांगले रिपोर्ट हातात असताना, पुन्हा तेच. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मुक्ताईने खोदून खोदून त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. मग भाकरी थापता थापता म्हणाली, “त्यांचं मशीन गेलं खड्ड्यात. तुमचे दात हायत का जाग्यावर? हायत तवर दुसरा डाक्टर बघायचा. एवढं काय त्यात!”

डॉक्टर सुनीतींना कळलं तेव्हा त्या संतापल्या. “असं करता येत नाही त्यांना, कायदा आहे. मी बोलते त्यांच्याशी.”

“बोला अवश्य,” शंभू म्हणाला. “पण माझे दात काही मी त्यांच्या हातात देणार नाही.”

बाईंनी मग त्याला शनिवार पेठेतल्या डॉक्टर सलोनींकडे पाठवलं. जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर लहानसा दवाखाना, आणि डॉक्टरही नम्रताच्याच वयाची. शंभू खुर्चीत बसायच्या आधीच बोलला, “मॅडम, मला एचआयव्ही आहे. मशीन बिघडणार असेल तर आत्ताच सांगा.”

सलोनी हातमोजे चढवत होती. “काका, हे ग्लोव्हज मी सगळ्यांसाठी घालते. तुमच्यासाठी स्पेशल दुसरे नाहीयेत. आ करा.”

तिने तपासून स्पष्ट सांगितलं. हिरड्यांच्या आतपर्यंत साफ करावं लागेल, तेही टप्प्याटप्प्याने. हलणाऱ्यांपैकी एक दात काढावाच लागेल. दुसरा कदाचित वाचेल. झिजलेलं हाड परत येणार नाही, पण आहे ते टिकवता येईल.

“आणि वाजवता येईल?”

“काय वाजवता तुम्ही?”

शंभूने सांगितलं. तिने हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला. “मग नेक्स्ट टाइम क्लॅरिनेट घेऊन या. नेमका जोर कुठे पडतो ते मला बघायचंय.”

पुढच्या वेळी तो दाताच्या खुर्चीत ताठ बसून वाजवायला लागला. कळ येत होती, पण त्याने एक साधी चाल निभावून नेली. सलोनी वाकून, मान वाकडी करून, त्याच्या ओठांकडे बघत होती. बाहेर बसलेले पेशंट दारात येऊन उभे राहिले. एक आजोबा सुजलेला गाल धरून म्हणाले, “दात काढताना हे वाजवणार असाल तर माझे दोन काढा.”

उपचार लांबणार होते. दसऱ्यापर्यंत तरी तोंडाला वाद्य लावायचं नाही, असा हुकूम होता. आता आप्पासाहेबांना काहीतरी सांगणं भाग होतं. दातांचं कारण पुरलं असतं. शंभूने दुकानाच्या पायरीपर्यंत तेच तोंडात घोळवलं होतं. पण आत गेला, आप्पासाहेब चष्मा नाकावर घेऊन ट्रम्पेटला पॉलिश करत बसलेले दिसले, आणि त्याच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं. हिरड्या, दाह, हृदय, आणि ज्याच्यापासून हे सुरू झालं तेही.

आप्पासाहेबांनी ट्रम्पेट खाली ठेवला. “किती वर्षं झाली?”

“तुमच्याकडे आलो, त्यानंतर लवकरच.”

“म्हणजे इतकी वर्षं माझ्या दुकानात बसून माझ्याबरोबर चहा पितोयस.”

“चहातून होत नाही, आप्पासाहेब.”

“ते कळतं मला. मी काही अडाणी नाही.” म्हाताऱ्याचा आवाज चढला. “चहाचं नाही बोलत मी. इतकी वर्षं समोर बसून चहा प्यालास आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस, त्याचं बोलतोय.”

आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. “जा, दात नीट करून ये. तोवर चाली धोंडिबा ओढेल ट्रम्पेटवर. क्लॅरिनेटला दुसरा माणूस मी घेणार नाही. आणि कुणी विचारलं तर काय सांगू?”

शंभूने चपला पायात सरकवल्या. “खरं सांगा.”

खरं सांगितल्यावर बँडमधला एक ड्रमवाला त्याच्यापासून चार हात लांब बसायला लागला. आप्पासाहेबांनी दोन दिवस ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याची खुर्चीच उचलून रस्त्यावर ठेवली. “लांबच बसायचंय ना? मग हवेशीर बस.” ड्रमवाला संध्याकाळपर्यंत बसला बाहेर. मग मुकाट्याने खुर्ची घेऊन आत आला.

पावसाळाभर शंभू सलोनीच्या खुर्चीत आणि मुक्ताईच्या नजरेखाली राहिला. बिडी सोडणं दात काढण्याहून अवघड गेलं. तो चिडायचा, भांडी आपटायचा, विनाकारण नम्रताला फोन करून तिच्यावर ओरडायचा. बिडी मागितली की मुक्ताई हातावर भाजलेली बडीशेप ठेवायची. “हे काय गुरासारखं चघळू?” तो विचारायचा. “चघळा. गुरांचे दात बघा किती मजबूत असत्यात,” ती म्हणायची. एकदा तो चोरून ओढून आला, तर तिने बडीशेपही दिली नाही. नुसती दारात बसून राहिली. ती शेवटची बिडी.

एक दात गेला. दुसरा सलोनीने मागच्या बाजूने बारीक तारेने शेजारच्यांना बांधून टाकला आणि मोकळ्या जागी नवा दात बसवला. दसऱ्याला दुकानात बाकीच्या वाद्यांबरोबर क्लॅरिनेटची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शंभू ते घेऊन बंडगार्डनच्या जुन्या पुलावर गेला. या पुलावर गाड्या नसतात, फिरायला येणारी माणसं असतात. त्याने पहिला सूर लावला. बोकड ओरडल्यासारखा आवाज आला. नव्या दातावर ओठ कसा बसवायचा हे तोंडाला माहीतच नव्हतं.

एक निवृत्त गृहस्थ फेऱ्या मारता मारता थांबले. “शिकताय का?”

“हो. दुसऱ्यांदा.”

“मग पहिल्यांदा काय केलंत?” असं म्हणून ते चालू लागले.

शंभू रोज जात राहिला. पूल इकडून तिकडे चालायचा, परत यायचा, मग कठड्याशी उभा राहून नुसते लांब सूर धरायचा. गाणं नाही, चाल नाही, फक्त सूर. थंडी पडली तेव्हा बोकड गेला होता. होळीच्या सुमारास त्याच्या ध्यानात आलं की चालून आल्यावर आपण वाजवण्याआधी थांबत नाही, थांबायची गरजच लागत नाही. ते गृहस्थ आता फेरी संपली की बाकावर बसून ऐकायचे. दाद कधी दिली नाही. एकदा शंभू आजारी बायकोसाठी घरी राहिला, तर दुसऱ्या दिवशी म्हणाले, “काल कुठे होतात? आमचं चालणं बिघडलं.” शंभूने तीच दाद मानली.

लग्नसराईत त्याने लहानसहान वराती केल्या, जपून, दुसऱ्या रांगेतून. आषाढात अभ्यासासाठी पुन्हा रक्त दिलं. निकालाच्या दिवशी मुक्ताईही बरोबर आली होती. डॉक्टर सुनीतींनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि जुना आकडा, नवा आकडा बोटाने दाखवला. सीआरपी निम्म्याहून खाली. दुसरी खूणही चांगली उतरलेली.

“वॉचमन बसला म्हणायचा खुर्चीवर,” शंभू म्हणाला.

“बसलाय. अधूनमधून शिट्टी मारेल, पण बसलाय.”

“कशानं बसला पण? दातांनी, का गोळीनं?”

“ते एकट्या तुमच्या रक्तावरून मला सांगता येणार नाही, मास्तर. दात, बिडी, गोळी, चालणं, सगळ्यांचं मिळून. कशाचा वाटा किती, त्यासाठीच एवढी माणसं घेतलीत अभ्यासात. पुढे येणाऱ्या पेशंटना काय सांगायचं, ते त्यातून ठरेल.”

“म्हणजे माझं रक्त कुणाच्या तरी उपयोगी पडणार?”

“पडतंय आत्ताच.”

शंभूने आपल्या हाताकडे पाहिलं, रक्त घेताना सुई टोचतात त्या जागेकडे. कापलं तर कुणाला लागू नये म्हणून ज्या रक्ताला तो वर्षानुवर्षं जपत, लपवत आला होता, ते कुणीतरी कामाचं म्हणून मागून घेतलं होतं. मुक्ताई त्याच्याकडे बघत होती. “आता रडू नका हितं,” ती हळूच म्हणाली, आणि स्वतःच पदर डोळ्याला लावला.

गणेश चतुर्थीला सकाळी पेठेतल्या एका मंडळाच्या आगमनाची सुपारी होती. आप्पासाहेबांनी दुकानातून निघताना कोटांची पाहणी केली आणि शंभूच्या पाठीवर थाप मारून त्याला पुढे ढकललं. पहिल्या रांगेत. रस्ता धुतलेला, दोन्ही बाजूंनी रांगोळ्या, गॅलऱ्यांतून माणसं वाकलेली. नम्रता कात्रजहून आली होती आणि मुक्ताईचा हात धरून कडेकडेने चालत होती.

शंभूने क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि भूपाळीची जुनी चाल काढली. सावकाश, मोकळ्या गळ्याने गावी तशी. मागे बेस ड्रम धीम्या पावलांनी येत राहिला. पहिलं वळण आलं, चढ आला. याच चढावर दोन वर्षांपूर्वी, दम लागायला नुकती सुरुवात झाली तेव्हा, त्याने मधेच सूर सोडून दिला होता. आज त्याने तिथेच वरचा सूर धरला. धरला आणि सोडलाच नाही. धोंडिबाने ट्रम्पेट खाली घेतला. ड्रम थांबले. पालखीवाले थांबले. तो एकच सूर गल्लीत उभा राहिला, तारेसारखा सरळ, आणि गॅलरीतल्या बायकांनी बोलणं थांबवून खाली पाहिलं. शंभूचे डोळे मिटलेले होते. छातीत अजून हवा होती. आणखी होती. दात घट्ट होता. त्याला स्वतःलाच हसू यायला लागलं आणि हसताना सूर सुटेल म्हणून त्याने ते दाबून धरलं. मग अलगद, एकेका पायरीने, तो सूर खाली उतरवत त्याने चाल पुन्हा हातात घेतली, तेव्हा गल्लीत जी टाळी पडली तिने पुन्हा सुरू झालेल्या ड्रमचा आवाज ऐकू येईना.

“मास्तर, परत!” वरून कुणीतरी ओरडलं. त्याने परत धरला.

मांडवाच्या दारात मूर्ती पोचली तरी लोक सोडेनात. मंडळाचे वयस्क अध्यक्ष गोपाळकृष्ण सोवळं नेसून ताम्हण हातात घेऊन कधीचे उभे होते. शेवटी ते गर्दीतून वाट काढत पुढे आले.

“मास्तर, मुहूर्त टळायला आलाय. गणपती आत घेऊ, की आज तुमच्याकडेच मुक्काम?”

शंभूच्या तोंडात क्लॅरिनेट होतं. त्याने मान हलवून ‘एकच’ असं खुणावलं, नाकाने खोल श्वास भरून घेतला, आणि शेवटचा फेरा सुरू केला.